भंगारात चाललेलं दप्तर

जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांबद्दलचं एक मत आता इतकं रुळलं आहे की ते तपासून पाहायची कुणाला गरजच वाटत नाही. ही मुंबई-पुण्याच्या पैसेवाल्यांची हौस आहे. गाणी सगळी मोबाइलवर फुकट मिळतात, तेव्हा काळ्या तबकड्यांना उरली ती फक्त शोभेची किंमत. आणि वाशीमसारख्या जिल्ह्यात, जिथे पाणी, सोयाबीनचा भाव आणि शिकलेल्या पोरांची नोकरी हे प्रश्न रोज दारात उभे असतात, तिथे असल्या गोष्टींचा विषय काढणंही गैर आहे. हे मत नुसतं बोलण्यापुरतं राहत नाही. कारंज्यात किंवा रिसोडात एखादा वाडा पाडायला निघाला, भावाभावांच्या वाटण्या झाल्या की माळ्यावरची पेटी खाली येते. फोनोला, म्हणजे ग्रामोफोनला, गिऱ्हाईक मिळतं, कारण पितळी कर्णा दिवाणखान्यात शोभतो. रेकॉर्डी मात्र किलोवर जातात, नाहीतर अंगणात पोरांच्या हाती फुटतात. पेटी रिकामी करणारा घरमालक वाईट नसतो. या वस्तूचा काही उपयोग नाही असं त्याला सगळीकडून सांगण्यात आलेलं असतं. ते सांगणं चूक आहे, आणि वाशीम जिल्ह्याच्या बाबतीत तर दुप्पट चूक आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी माझा ज्याला पाठिंबा नाही ते बाजूला काढतो, म्हणजे वाद भलत्याच ठिकाणी अडकणार नाही. रेकॉर्डचा आवाज डिजिटलपेक्षा सरस असतो, त्यात एक ऊब असते, असं तबकडीचे भक्त सांगतात. मोजमापाच्या कसोटीवर ते टिकत नाही. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर साधी सीडी ९६ डेसिबलपर्यंत पेलते, लाँगप्ले रेकॉर्ड त्याच्या बरीच मागे राहते, आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी तर आणखी मागे. तिची खरखर कानाला लागते आणि लागणारच, कारण ती दाबताना लाखेत दगडाची भुकटी मिसळलेली असते. दुसरी गोष्ट नव्या रेकॉर्डींच्या बाजाराची. अमेरिकेत २०२० साली रेकॉर्डींच्या विक्रीतून आलेल्या पैशानं १९८६नंतर पहिल्यांदाच सीडीला मागे टाकलं. आपल्याकडेही जुन्या सिनेमांची गाणी नव्यानं दाबून काही हजारांना विकली जातात, आणि त्यांतल्या पुष्कळशा डिजिटल प्रतीवरूनच कोरलेल्या असतात. ज्याला परवडतं त्यानं ती खुशाल घ्यावी. मंगरुळपीरच्या माणसानं ती घ्यावी असा आग्रह धरायचं मला काही कारण दिसत नाही. मी बोलतो आहे ते आधीपासून जिल्ह्यात असलेल्या, विकत घेतलेल्या, वाजवलेल्या आणि आता फेकल्या जात असलेल्या रेकॉर्डींबद्दल. त्यांचा खर्च केव्हाच होऊन गेला आहे. प्रश्न फक्त राखण्याचा आहे.

‘सगळं तर मोबाइलवर आहे’ हा सर्वांत जोरात मांडला जाणारा आक्षेप. त्यातला ‘सगळं’ हा शब्द आधी पाहू. इंटरनेटवर जे जुनं गाणं ऐकू येतं ते आपोआप तिथे गेलेलं नाही. कुणीतरी तबकडी जपली, कुणीतरी ती यंत्रावर चढवली, तेव्हा ते गाणं तिथे पोचलं. म्हणजे ज्याला आपण रेकॉर्डीचा पर्याय म्हणतो तो संग्राहकाच्या कपाटातूनच निघालेला आहे. जे कुणी जपलं नाही ते तिथे नाही, आणि जे नाही त्याचा पत्ता शोधूनही लागत नाही, म्हणून तर सगळं आहे असा भास होतो. एच.एम.व्ही.सारख्या मोठ्या कंपनीनं आपली कागदपत्रं काही प्रमाणात सांभाळली, पण छोट्या कंपन्यांचं तसं झालं नाही. १९३०च्या दशकात मुंबईत निघालेल्या ‘यंग इंडिया’सारख्या स्वदेशी कंपनीनं काय काय काढलं याच्या याद्या संग्राहकांना प्रत्यक्ष तबकड्या हातात घेऊन, एकेक क्रमांक उतरवून जुळवाव्या लागतात. मुंबईत १९९०मध्ये उभ्या राहिलेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेनं, सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या माणसांनी आणि मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकानं हेच काम वर्षानुवर्षं केलं. त्याला हौस म्हणणाऱ्यानं त्यांची एक यादी समोर घेऊन बसावं. दप्तर लावणं काय असतं ते तिथे कळतं.

बरं, जे आहे ते तरी जसंच्या तसं आहे का? एक साधी गोष्ट घ्या. ७८ फेऱ्यांची तबकडी असं आपण सरसकट म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात मुद्रणाचा वेग कधी ७२, कधी ७६, कधी ८० असा असायचा. ७२च्या वेगानं मुद्रित झालेलं गाणं ७८वर वाजवलं तर ते जवळजवळ दीड अर्धस्वर वर चढतं. गायक काळी एकमध्ये गायला असेल तर ऐकणाऱ्याला षड्ज पांढरी दोनच्याही वर ऐकू येतो, लय पळते, आवाज बारीक होतो, आणि पुढची पिढी समजते की जुने लोक असेच किनऱ्या आवाजात गायचे. ७८च्या खाचेला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, लाँगप्लेला २५ मायक्रॉनची. लाँगप्लेची सुई ७८वर चालवली की ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखरच जास्त उचलते. मग ती खरखर घालवायला संगणकावर आवाज धुतला जातो, आणि धुताना तंबोऱ्याचा झणत्कार आणि सारंगीची कडही निघून जाते. मोबाइलवर ऐकू येणाऱ्या जुन्या नाट्यपदांत आणि ख्यालांत असे दोष जागोजागी आहेत. दोष दुरुस्त करायचा तर मूळ तबकडीकडेच परत यावं लागतं. ती फोडून टाकल्यावर चुकीची प्रत हीच कायमची खरी प्रत होऊन बसते.

तबकडीवर आवाजाशिवायही पुष्कळ काही असतं. लेबलवर क्रमांक असतो, एच.एम.व्ही.च्या जांभळट लेबलवर बहुतेक ‘एन’ अक्षरानं सुरू होणारा. लेबल आणि खाचा यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर ठोकलेला दुसरा क्रमांक साच्याचा. त्यावरून मुद्रणाचा क्रम लागतो, आणि क्रमावरून साल. राग, ताल, नाटकाचं नाव, बाजाची पेटी कुणी वाजवली, हे सारं कधी लेबलवर, कधी पाकिटावर. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला, त्यानं १९०२च्या नोव्हेंबरात गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित केलं, आणि गाण्याच्या शेवटी तिनं आपलं नाव मोठ्यानं सांगितलं. मेणावरचं ते मुद्रण तबकड्या दाबायला जर्मनीत हॅनोव्हरला जायचं, आणि तिथल्या कारागिरांना कोण गातं आहे हे कळावं म्हणून ही सोय होती. आज तेच गाणं ऐकवताना कुणी शेवटचे ते शब्द निरर्थक समजून कापले, तर एका शतकापूर्वीचा सगळा व्यवहार त्याबरोबर कापला जातो. मेणावर आवाज कोरायचा, त्या मेणावर विजेच्या साह्यानं तांबं चढवायचं, तांब्याच्या त्या साच्यावरून पुढचे साचे काढायचे आणि मग लाख दाबायची अशी ती रीत होती. ज्या वाशीमचा सर्वांत जुना इतिहास ताम्रपटानं सांगितला, तिथल्या माणसाला तरी ही रीत परकी वाटू नये.

या ताम्रपटाची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगायला हवी. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी म्हणजे आजचं वाशीम. या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन राजा होता, तसाच कवीही होता. त्याचं ‘हरिविजय’ हे महाराष्ट्री प्राकृतातलं काव्य जुन्या काव्यशास्त्रकारांनी वाखाणलं, त्यातली अवतरणं घेतली, आणि आज ते काव्य आपल्याला कळतं ते तेवढ्या अवतरणांतूनच. समग्र पोथी उरलेली नाही. त्याचा मुलगा विंध्यशक्ती दुसरा यानं दिलेल्या जमिनीच्या दानाचा ताम्रपट मात्र १९३९मध्ये वाशीमला सापडला, आणि वा. वि. मिराशींसारख्या पंडितांना या शाखेचा नीट उलगडा करता आला. बापाचं काव्य गेलं आणि लेकाची जमिनीची सनद राहिली. सनद मोलाची होती म्हणून ती राहिली असं कुणी म्हणेल, पण मधल्या दीड हजार वर्षांत तिचा कुणाला काही उपयोग नव्हता. ती मोडीत निघाली नाही, एवढंच. ज्या दिवशी सापडली त्या दिवशी एका राजवंशाची सबंध शाखा उजेडात आली. एखादी वस्तू आज निरुपयोगी दिसते, एवढ्यावरून ती मोडीत घालायचा हक्क मिळत नाही, हे शिकवणारा याहून जवळचा दाखला वाशीमकरांना दुसरा कोणता हवा?

आता खरा अडचणीचा आक्षेप. ‘ठीक आहे, रेकॉर्डी म्हणजे दप्तर, पण ते वाशीमचं कुठे आहे? बालगंधर्वांचं गाणं, अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी, सिनेमाची गाणी, हे सारं मुंबई-कलकत्त्यात मुद्रित झालं, हजारो प्रती निघाल्या. पुण्याला एक प्रत जपली असली की कारंज्याची फुटली तरी काय बिघडलं?’ आक्षेप घेणाऱ्याला इथे एक गोष्ट दिसत नाही. तबकडीवर दोन इतिहास कोरलेले असतात. एक गाणाऱ्याचा, तो प्रत्येक प्रतीवर सारखा. दुसरा ऐकणाऱ्याचा, तो प्रत्येक प्रतीवर वेगळा. पाकिटावर दुकानाचा शिक्का असतो, अकोल्याचा, अमरावतीचा, कधी आणखी लांबचा. लेबलच्या कोपऱ्यात शाईनं मालकाचं नाव, कधी लग्नात आहेर म्हणून मिळाल्याची तारीख. तबकडी उजेडात तिरकी धरली की आणखी दिसतं : एका बाजूची खाच पोलादी पिनेनं झिजून राखाडी झालेली, दुसरी बाजू काळीभोर, जवळजवळ न वाजवलेली. त्या घराला कोणतं गाणं हवं होतं आणि कोणतं नको होतं, हे तिथे उघड लिहिलेलं असतं. नाट्यपद झिजलं की लावणी? भजन झिजलं की कव्वाली? मंगरुळपीर हे हयात कलंदरांच्या दर्ग्याचं गाव. तिथल्या घरांत कव्वालीच्या किती रेकॉर्डी होत्या? कारंजा मूर्तिजापूर-यवतमाळ या छोट्या गाडीच्या वाटेवरचं कापसाचं गाव, तर वाशीमवरून पुढे खांडवा-पूर्णा मीटर गेज गेली. मग कारंज्याच्या पेटीत अकोला-मुंबईचा माल आणि वाशीमच्या पेटीत नांदेड-हैदराबादकडचा माल असा काही फरक पडला का? या प्रश्नांची उत्तरं कुठल्याही गॅझेटियरमध्ये नाहीत. ती फक्त त्या-त्या घरातल्या, एकत्र राहिलेल्या पेटीत आहेत, आणि पुण्यात जपलेली प्रत ती देऊ शकत नाही.

वाशीमला हे दप्तर इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त लागतं, याचंही कारण आहे. वऱ्हाडातला वाशीम जिल्हा १९०५मध्ये मोडला आणि त्याचा मोठा भाग अकोल्याला जोडला गेला. पुन्हा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ला. मधली ९३ वर्षं, म्हणजे ग्रामोफोनचा जवळजवळ सबंध काळ, वाशीम हे अकोल्याचं एक टोक होतं. त्या काळाचे सरकारी कागद अकोला, अमरावती, नागपूर इथे विखुरले. जिल्ह्याचं स्वतःचं म्हणावं असं जे आहे ते घराघरांत आहे : पोथ्या, वह्या, फोटो, नाटकाच्या जाहिराती, रेकॉर्डी. ज्याचं कचेरीतलं दप्तर दुसऱ्याच्या गावी आहे, त्यानं घरातलं दप्तर तरी किलोवर विकू नये.

‘पण ज्यांच्याकडे फोनो होता ते सावकार, कापसाचे व्यापारी. त्यांची आवडनिवड जपून सामान्यांना काय?’ हा आक्षेप न्यायाच्या भावनेतून येतो, म्हणून त्याला आदरानं उत्तर दिलं पाहिजे. फोनो विकत घेणारे थोडे होते, हे खरं. ऐकणारे मात्र थोडे कधीच नव्हते. चावीचा फोनो ओसरीवर लागला की अर्धी गल्ली जमायची, हे मराठी मुलखातल्या त्या काळाच्या कुणाही माणसाला नवं नाही. पुढे वीज आली, बॅटरीवरचा ॲम्प्लिफायर आणि भोंगा आला, आणि गावोगाव साउंड सर्व्हिसवाला उभा राहिला. लग्न, बारसं, गणपती, जत्रा, निवडणुकीची सभा, टूरिंग टॉकीजचा खेळ सुरू होण्याआधीचा अर्धा तास, या सगळ्यांत वाजलं ते रेकॉर्डवरच. ज्यानं आयुष्यात कधी रेकॉर्ड विकत घेतली नाही त्यानंही शेतात निंदण करताना लांबच्या मांडवातली रेकॉर्ड ऐकली. म्हणून वाड्यातल्या कपाटाइतकीच, किंबहुना मी तर म्हणेन जास्तच, त्या साउंड सर्व्हिसवाल्याची पत्र्याची पेटी मोलाची आहे. तिच्यातल्या तबकड्या घासून पांढुरक्या झालेल्या असतात, संग्राहक त्यांना हात लावत नाही, बाजारात त्यांना भाव नाही. पण एका तालुक्यानं तीस वर्षं सार्वजनिक ठिकाणी काय ऐकलं याचा तो एकमेव पुरावा आहे. श्रीमंतांची आवड जपली जाईल याची ज्याला खंत वाटते, त्यानं आधी ही पेटी वाचवावी.

यालाच जोडून आणखी एक बाजू येते आणि ती झाकून ठेवणं बरं नाही. रेकॉर्ड कंपन्यांनी खूप काही गाळलं. कंपनी बाजार पाहायची. तीन-साडेतीन मिनिटांच्या बाजूत बसेल, मुंबईच्या खोलीत येऊन गाता येईल आणि शहरात खपेल, ते मुद्रित व्हायचं. पोहरादेवीला जमणाऱ्या बंजारा समाजाची गोरमाटी गाणी, वऱ्हाडी ओव्या, दंडार, या गोष्टींना तबकडीवर जवळजवळ जागाच मिळाली नाही. त्यांतलं बरंचसं पुढे १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली तेव्हा कुठे मुद्रित होऊ लागलं. यावरून कुणी म्हणेल, मग ज्या माध्यमानं आम्हाला घेतलंच नाही ते आम्ही का जपावं? माझं उत्तर असं की वगळणुकीचाही पुरावा लागतो. वाशीम जिल्ह्यातल्या शंभर पेट्यांची यादी झाली आणि तिच्यात गोरमाटीचं एकही गाणं निघालं नाही, तर ते न निघणं हे नेमकं विधान आहे. आज ते नुसतं गाऱ्हाणं वाटतं, यादी झाल्यावर ते नाकारता येणार नाही. शिवाय ज्याला तबकडीचं मोल कळलं त्यालाच कॅसेटचं कळेल, आणि कॅसेटची फीत तबकडीपेक्षा कितीतरी लवकर मरते. जपल्यानं काय हाती लागतं ते पाहायचं तर, ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणासाठी शंभर वर्षांपूर्वी देशभरच्या बोलींचे नमुने ग्रामोफोनवर घेतले गेले. बायबलातल्या उधळ्या मुलाची गोष्ट त्या-त्या बोलीत सांगितलेली, अगदी साधी. त्या तबकड्या कुणी संगीत म्हणून कधी ऐकल्या नसतील. पण त्या राहिल्या, म्हणून आज त्या बोली बोलणाऱ्यांना आपल्या पणजोबांच्या पिढीचा उच्चार ऐकता येतो.

मागासलेपणाच्या आक्षेपाकडे वळतो. नीती आयोगानं २०१८मध्ये महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आकांक्षित म्हणून निवडले त्यांत गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि वाशीम होते. आरोग्य, शिक्षण, शेती, पाणी यांत जिल्हा मागे असताना रेकॉर्डींसाठी पैसा कुठून आणायचा, असं विचारलं जातं. विचारणाऱ्यानं खर्चाचा अंदाज तरी घ्यावा. बांधकाम लागत नाही, नवं पद लागत नाही. एक कोरडी खोली, उभ्या कप्प्यांची दोन कपाटं, वेग कमी-जास्त करता येणारं एक यंत्र, ७८ची आणि लाँगप्लेची अशा दोन सुया, एक संगणक आणि नोंदवही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा आहे, ग्रंथालयांचं जाळं जिल्ह्यात आधीपासून आहे. त्यांतल्या एखाद्या ग्रंथालयाला एवढं जमणार नाही असं मानणं हा त्यांचा अपमान आहे. कायद्याची अडचणही वाटते तेवढी नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो, म्हणजे १९६० सालापर्यंतच्या तबकड्यांच्या मुद्रणावरचा हक्क आज उरलेला नाही. गीत आणि चाल यांचे हक्क निराळे असतात, ते कवी आणि संगीतकार यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतात, तेवढं पाहून घ्यावं लागेल. आणि असं काम खेड्यात होत नाही, असंही कुणी म्हणू नये. केरळात कोट्टायम जिल्ह्यातल्या प्लासनाल या गावी वनविकास महामंडळातून निवृत्त झालेल्या सनी मॅथ्यू यांनी ग्रामोफोन आणि रेकॉर्डींचं संग्रहालय उभं केलं, आणि लोक गाव शोधत तिथे जातात. आकांक्षित या शब्दाचा अर्थ जर काही असेल तर त्यात आपलं काय आहे हे जाणण्याची आकांक्षाही धरली पाहिजे. दवाखाना आणि दप्तर यांत एक निवडा, असं कोणी कुठल्या सुखवस्तू जिल्ह्याला सांगत नाही. हे फक्त वाशीमला सांगितलं जातं.

संग्राहकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, कारण नुकसान भंगारवाल्याइतकंच त्यांच्या हातूनही होतं. जुन्या वस्तूंचा व्यापारी घरी येतो, दीडशे तबकड्यांतून सहा दुर्मीळ उचलतो, चांगले पैसे देतो, आणि उरलेल्या तिथेच सोडतो. त्या सहा मुंबईच्या कपाटात सुखरूप राहतात, हे खरं. पण त्या दीडशेंच्या सोबतीनं जे सांगत होत्या ते सांगणं त्या दिवशी संपलं. पेटीत कोणाच्या शेजारी कोण होतं हाच तर तिचा मजकूर. केसरबाई केरकरांच्या भैरवीची हकिकत संग्राहक अभिमानानं सांगतात. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवर पाठवायच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीसाठी ती भैरवी निवडली गेली, तेव्हा तिची रेकॉर्ड बाजारातून नाहीशी झालेली होती. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती मिळाल्या. या हकिकतीतून मला दिसतं ते हे, की ती रेकॉर्ड राखणारा कोणी तज्ज्ञ नव्हता, संस्था नव्हती. दुकानदारानं खोकं टाकून दिलं नाही. केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँसाहेब १९४६पर्यंत हयात होते आणि त्यांच्या गाण्याची एकही तबकडी बाजारात आली नाही. त्यांची गायकी आज आपण केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर या शिष्यांच्या रेकॉर्डींवरून ताडतो. एक पिढी राहिली आणि एक गेली, यांतला फरक एका खोक्याचा असू शकतो.

राहिला ऐकण्याचा प्रश्न. जपायचं तर वाजवायचं कशाला, प्रत्येक वेळी झीज होते, असं काळजीनं म्हणणारेही आहेत. झीज होते ती मुख्यतः जुन्या पोलादी पिनेनं आणि जड साउंड बॉक्सनं, म्हणून त्या फोनोवर दुर्मीळ तबकडी कुणी वाजवू नये. हलक्या वजनाच्या, योग्य मापाच्या सुईनं एकदा नीट वाजवून तिची डिजिटल प्रत करून ठेवली की मूळ तबकडीला विश्रांती देता येते. पण महिन्यातून एकदा ग्रंथालयात चार माणसं जमून एखादी न झिजलेली रेकॉर्ड प्रत्यक्ष ऐकतील, लेबल वाचतील, राग ओळखतील, कुणी म्हातारं माणूस हे गाणं कुणाच्या मांडवात वाजायचं ते सांगेल, तर ते सांगणंही नोंदवहीत उतरेल. मूर्तिजापूर कारंज्यापासून किती लांब आहे? गायक वसंतराव देशपांडे तिथे १९२०मध्ये जन्मले. त्यांची रेकॉर्ड कारंज्याच्या घरात सापडली तर तिच्याभोवती सांगण्यासारखं पुष्कळ असणार, आणि ते सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत.

म्हणून ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना विनंती आहे. ती विकायची असली तरी विकण्याआधी एक वही घ्या. प्रत्येक तबकडीचा लेबलवरचा क्रमांक, गाणाऱ्याचं नाव, गाणं, दुकानाचा शिक्का, शाईनं लिहिलेलं नाव, आणि कोणती बाजू जास्त झिजली आहे, एवढं उतरून काढा. मोबाइलनं दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा टिनपत्र्याखाली आडव्या राहिलेल्या लाँगप्ले वाकतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. स्वच्छ पाण्यात ओला करून पिळलेला मऊ फडका खाचेच्या दिशेनं फिरवा आणि सावलीत वाळवा. फुटलेली तबकडीही टाकू नका, तिचं लेबल वाचता येतं. आणि गावातल्या ग्रंथालयाला लेखी पत्र देऊन विचारा, हा संग्रह तुम्ही एकत्र, नावानिशी ठेवाल का? जिल्ह्यातल्या दहा ग्रंथालयांना अशी दहा पत्रं गेली की कुठल्यातरी एकाला कपाट रिकामं करावंच लागेल.